स्पंजातलं विरजण : माशांच्या टाकीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फिल्टरविषयी पत्रं मागवली होती. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त स्पंज फिल्टरबद्दलच निघाली, म्हणजे मोटरच्या हवेनं टाकीचं पाणी स्पंजातून फिरवणाऱ्या साध्या फिल्टरबद्दल. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बावीस टाक्या आहेत आणि बाविसच्या बावीस स्पंजावर चालतात. एंजल, मॉली, गप्पी यांची पिल्लं वाढवून दुकानांना द्यायचं काम मी अठ्ठावीस वर्षं करते आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा घेतली आहे. ते वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे दोन फुटी टाकी आहे. त्यात चार गोल्डफिश आणि पाच मॉली होत्या. कोपऱ्यात स्पंज फिल्टर. स्पंज फार काळा पडला म्हणून रविवारी काढला, नळाखाली धरून ब्रशनं घासला, थोडी धुण्याची पावडर लावली, उन्हात वाळवला आणि परत बसवला. खडी धुतली, पाणीही सगळं बदललं. टाकी अशी चकाचक झाली की शेजारचे बघायला आले. बुधवारपासून मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले. दुकानात विचारलं तर निळं औषध दिलं. शुक्रवारपर्यंत पाच मासे गेले. पाणी अजूनही आरशासारखं आहे. माझं काय चुकलं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दादा, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कार्यालयातून तुम्हाला फोन करून तातडीचं काय ते सांगितलं होतं. उरलेले चार मासे वाचले हे कळलं तेव्हा बरं वाटलं. तेच इथं इतरांसाठी लिहिते.

दोन दिवस खाणं पूर्ण बंद. मासा दोन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं, तेही बादलीत चोवीस तास उघडं ठेवलेलं किंवा अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं. हवेची मोटर पूर्ण सोडायची. निळं औषध बंद करायचं. ते बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू असतं आणि ज्या जिवाणूंची तुम्हाला आत्ता सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच ते मारतं. दहा लिटरला चहाचा एक सपाट चमचा जाडं मीठ पाण्यात विरघळवून घालायचं. गोल्डफिश आणि मॉलीला ते चालतं. आणि ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला एक वापरता स्पंज मागून आणायचा, ओल्या पिशवीत, वाटेत वाळू न देता.

आता कारण. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच सुटतो. त्याला रंग नाही. म्हणून पाणी आरशासारखं दिसतं आणि मासा मात्र त्यात भाजत असतो. चालू टाकीत हा अमोनिया साठत नाही, कारण एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, कल्ले तपकिरी दिसायला लागतात. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून तो चमचाभर मिठाचा उपाय. शेवटचं नायट्रेट त्यामानानं सौम्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं आणि टाकीत झाडं असली की ते निभतं.

हे काम करणारे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले. मी शिकले तेव्हा दुसऱ्या टप्प्याच्या जिवाणूचं नाव सगळीकडे नायट्रोबॅक्टर असंच छापलेलं असायचं. १९९८ साली टाक्यांमधलेच नमुने तपासून अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो. आणि २०१५मध्ये तर असे नायट्रोस्पायरा सापडले की जे दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. इतक्या छोट्या टाकीत अजून नवं काही सापडतं याचं मला फार अप्रूप आहे.

पण आपल्याला लक्षात ठेवायचं ते एवढंच, की हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात : काचेला, खडीला, झाडाच्या पानाला, आणि सर्वांत जास्त स्पंजाला, कारण स्पंजाच्या भोकाभोकांत भरपूर जागा असते आणि त्यातून प्राणवायूचं पाणी सारखं वाहत असतं. म्हणून पाणी बदलल्यानं त्यांचं फारसं जात नाही. तुम्ही मात्र एकाच रविवारी स्पंज, खडी आणि पाणी तिन्ही केलंत. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं काही मेले, पावडरीनं काही, आणि उरलेसुरले उन्हानं. सोमवारी तुमच्या टाकीत नऊ मासे होते आणि त्यांच्यामागं आवरणारं कुणीच नव्हतं.

फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाळणं येतं. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावर मळी आली की झाऱ्यानं काढतात, तसं काहीतरी. झारा कितीही घासा, तो झाराच राहतो. स्पंज तसा नाही. तो दह्याच्या भांड्यासारखा आहे. त्यात विरजण आहे, आणि ते विरजण घासून टाकलं तर दुसऱ्या दिवशी दही लागत नाही. दह्याचं विरजण निदान रात्रीत वाढतं. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे धरायचे.

तुमच्या पत्रात आणखी एक ओळ होती, जागेसाठी वर घेतली नाही : टाकीत बोअरचं पाणी भरलं होतं. त्यानंही भर पडली. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक जवळजवळ निरुपद्रवी, आणि कुठलं किती हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्यावर, ठरतं. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असेल तर हजारातले साधारण सहा भाग विषारी असतात. पीएच ८ झाला की तेच चोपन्नच्या आसपास जातात. म्हणजे अमोनिया तेवढाच, आणि विष नऊपट. आमच्याही घरचं बोअरचं पाणी जड आहे, पीएच आठच्या वर दाखवतं. त्यामुळे मी ते नळाच्या पाण्यात निम्मं मिसळल्याशिवाय कधी वापरत नाही.

तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका. मीही हे केलेलं आहे. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. दुधाची भांडी उकळत्या पाण्यानं धुवायची ही आईची शिकवण, त्याच हातानं मी स्पंज गरम पाण्यातून काढला. त्या टाकीत काळ्या एंजलची जोडी होती, पाटीच्या तुकड्यावर नुकती अंडी घालायला लागलेली. मादी सहाव्या दिवशी गेली. नर तिच्याजवळच्या कोपऱ्यात दोन दिवस उभा होता, मग तोही गेला. तो पाटीचा तुकडा मी अजून टाकलेला नाही.

आता धुवायची पद्धत. टाकीतलं पाणी बदलायला काढता ना, तेच बादलीत घ्या. स्पंज पाण्यातून वर काढताना त्याच्याखाली पिशवी धरा, नाहीतर अर्धा गाळ टाकीतच सुटतो. बादलीत तीन-चार वेळा दाबून पिळा. पाणी पहिल्यांदा काळं, मग कोऱ्या चहासारखं होईल. चहाच्या रंगावर थांबा. स्पंज तपकिरीच राहू द्या, तो त्याचा निरोगी रंग आहे. त्या दिवशी खडीला हात लावायचा नाही. किती दिवसांनी पिळायचा हे कॅलेंडरवर ठरवू नका. नळीतून येणारं पाणी मंद झालं की पिळायचा. माझ्याकडे पिल्लांच्या टाकीत ते दहा दिवसांत होतं, मोठ्या एंजलच्या टाकीत पाच आठवडे लागतात. बादलीतलं पाणी मोरीत ओतू नका. आमची जास्वंद त्याच पाण्यावर वाढली आहे.

आणि दादा, दोन फुटी टाकीत फार तर साठ-पासष्ट लिटर पाणी मावतं. चार गोल्डफिश त्याला जड आहेत. उरलेल्यांना तेवढीच जागा राहू द्या, नवे आणू नका. शक्य झालं तर दुसरा स्पंज बसवा आणि एका वेळी एकच पिळा. एक पिळलेला असताना दुसरा घर सांभाळतो.

प्रश्न : ताई, बाजारातला स्पंज फिल्टर घेण्यापेक्षा घरी करता येईल का? गादीचा फोम किंवा भांडी घासायचा स्पंज चालतो का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : करता येईल, आणि हौसेनं करा. माझ्या टाक्यांतले निम्मे फिल्टर घरचेच आहेत. आमच्या यजमानांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. सुरुवातीला त्यांनीच मला पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून, भोकं पाडून दिले.

भांडी घासायचा स्पंज आणू नका. पुष्कळदा त्यात जिवाणू मारायचं औषध मुरवलेलं असतं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलट. गादीचा फोमही नको. त्याची भोकं बरीचशी बंद असतात आणि त्याला काय काय लावलेलं असतं ते सांगता येत नाही. टाकीसाठीचा काळा, उघड्या भोकांचा फोम मागा. पारख सोपी आहे : तुकडा तोंडाला लावून फुंकून बघा. दुसऱ्या बाजूला हाताला वारा लागला पाहिजे. इंचाला वीस ते तीस भोकं असलेला फोम चांगला. त्याहून बारीक घेतला तर पाणी जास्त नितळ दिसतं, पण तो आठवड्याला तुंबतो. मी पिल्लांच्या टाकीत बारीक आणि मोठ्या माशांकडे भरड वापरते.

चार इंच जाडीचा दंडगोल घ्या आणि त्याच्या मधोमध वीस मिलिमीटरचा पाइप घट्ट जाईल एवढं भोक पाडा. पाइपाचा जो भाग स्पंजाच्या आत राहणार त्यालाच भोकं पाडायची, बाहेरच्याला नाही. खालचं तोंड टोपीनं बंद करायचं. बुडाला फरशीचा तुकडा बांधा म्हणजे तो तरंगणार नाही. हवेची नळी वरून पाइपात घालून पार खालपर्यंत न्या आणि टोकाला छोटा एअरस्टोन (बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) लावा.

हे चालतं कसं ते समजलं तर पुढच्या दुरुस्त्या तुमच्या तुम्हालाच सुचतील. मोटर पाणी ओढत नाही, ती फक्त हवा देते. पाइपात बुडबुडे शिरले की आतलं पाणी आणि हवा यांचं मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होतं आणि वर चढतं. त्याची जागा घ्यायला स्पंजातून नवं पाणी आत येतं. म्हणून हवा जितकी खोल सोडाल आणि पाइप जितका उंच पाण्यात बुडालेला असेल तितकं पाणी जास्त खेचलं जातं. एअरस्टोननं बुडबुडे बारीक होतात, ओढ वाढते आणि रात्रीचा गुडगुड आवाजही कमी होतो. एक उंच पाइप लावला की फरक डोळ्यांनी दिसतो.

नवा स्पंज पहिल्या दिवशी तरंगतो. पाण्याखाली धरून पिळत राहा, आतली सगळी हवा निघू द्या. आणि तो बसवला म्हणजे फिल्टर सुरू झाला असं समजू नका. पाणी फिरायला लागलं एवढंच. जुन्या टाकीचा स्पंज नव्या स्पंजावर पिळला, किंवा नवा स्पंज आधी तीन-चार आठवडे जुन्या टाकीत नुसता ठेवला, तर विरजण लागतं. माझ्या मोठ्या टाकीत असे दोन कोरे स्पंज कायम पडलेले असतात. एखाद्या आजारी माशासाठी अचानक वेगळी टाकी लावावी लागते, त्या दिवशी त्यांची किंमत कळते.

प्रश्न : माझ्याकडे चार फुटी टाकीला महागडा कॅनिस्टर फिल्टर आहे. स्पंज लावायची खरंच गरज आहे का? आणि बाटलीत मिळणारे जिवाणू घ्यावेत का?
– एक वाचिका, ताराबाई पार्क

उत्तर : गरज नाही. तुमचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, आतल्या स्पंज आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर हेच काम करतो आणि गाळही जास्त धरतो. मोठ्या, खूप खाणाऱ्या माशांना तोच बरा. फक्त त्याच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर एक स्पंजाची टोपी चढवा. छोटे मासे आत ओढले जाणार नाहीत आणि कॅनिस्टर उघडायची वेळ लवकर येणार नाही. बाटल्यांचं म्हणाल तर काहींचा उपयोग झालेला मी पाहिला आहे, काहींचा अजिबात झाला नाही. उन्हात दुकानाच्या काचेत महिनोन्महिने ठेवलेली बाटली घेऊ नका. ओळखीच्या टाकीतला जुना स्पंज फुकट मिळतो आणि तो जिवंत असतो याची खात्री असते.

प्रश्न : ताई, पावसाळा आला की आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. २०१९च्या पुरात आमची सगळी टाकी गेली, तेव्हापासून परत लावायचं धाडस झालं नाही. आता मुलगी हट्ट करते आहे. वीज गेली तर स्पंज फिल्टर किती वेळ तग धरतो?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : मुलीचा हट्ट पुरवा. तुमची भीती मला कळते, कारण ते दिवस मीही पाहिले आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढत गेलं, शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि नळ कित्येक दिवस कोरडे होते. आमच्या गल्लीत पूर आला नाही, पण लाइट गेली. खोलीतल्या सगळ्या टाक्यांना हवा देणारा ब्लोअर बंद पडला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की त्या घरघरीची आपल्याला किती सवय झालेली होती. बावीस टाक्या एकदम गप्प झाल्या.

आम्ही घरातल्या चौघांनी पाळ्या लावल्या. मगानं टाकीतलंच पाणी काढायचं आणि फूटभर उंचीवरून परत ओतायचं, एका टाकीला पंधरा-वीस वेळा, मग पुढची. यजमानांनी पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या दोन जुन्या ट्यूब हवा भरून आणल्या, त्यांना बारीक नळी आणि पितळी व्हॉल्व्ह जोडला आणि एंजलच्या टाक्यांना त्यातून हवा दिली. तासाभरानं ट्यूब पुन्हा भरायला न्यावी लागे. खाणं पहिल्या तासापासूनच बंद केलं होतं. एकूण सात मासे गेले. मला त्याहून खूप जास्तीची भीती होती.

त्या अनुभवावरून सांगते. वीज गेल्यावर आधी धोका माशांना असतो, स्पंजाला नंतर. पंचवीस अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसात. मासे, जिवाणू, गाळ सगळे त्यातूनच घेतात. अमोनियातल्या एका मिलिग्रॅम नायट्रोजनमागं जिवाणूंना साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. टाकीत मासे विरळ असतील तर रात्र निघून जाते. गर्दी असेल तर दोन-तीन तासांतच मासे वर येतात. म्हणजे तयारी आधीच करायची असते : मासे कमी ठेवायचे.

स्पंज उघड्या पाण्यात उभा असतो, त्यामुळे हवा बंद झाली तरी भोवतालच्या पाण्यातून त्याला थोडा प्राणवायू मिळत राहतो. काही तासांच्या खंडानं त्याचं फारसं बिघडत नाही. बंद डब्याच्या फिल्टरचं तसं नाही. माझ्या भाच्याकडे त्या पुरात दीड दिवसानं लाइट आली, कॅनिस्टर आपोआप सुरू झाला आणि आत कोंडलेलं सडक्या अंड्यांच्या वासाचं पाणी थेट टाकीत आलं. पुरातून वाचलेले मासे त्या अर्ध्या तासात गेले. ज्यांच्याकडे असा फिल्टर आहे त्यांनी लाइट जाताच त्याचं बटण बंद करावं आणि आतलं पाणी ओतून, टाकीच्या पाण्यानं हलकं खळबळूनच पुन्हा सुरू करावा.

तुम्ही सेलवर चालणारी छोटी हवेची मोटर घेऊन ठेवा. तीच नळी स्पंजाला जोडली की फिल्टर आणि हवा दोन्ही चालू राहतात. स्पंज फिल्टरचं मोठं सुख हेच, त्याला हवेची एक बारीक धार पुरते. आणि नेहमीची मोटर टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, फळीवर ठेवा. खाली ठेवली आणि लाइट गेली तर पाणी नळीतून उलटं मोटरीत उतरतं, आणि मोटर विजेला जोडलेली असते. घरात लहान मूल आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. जागेअभावी खाली ठेवावीच लागली तर नळीत उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवा, आणि तो दर वर्षी बदला.

पूर ओसरल्यावर नळाला जे पाणी येतं त्याला क्लोरीनचा वास जास्त असतो. त्या दिवसांत अँटिक्लोरीनशिवाय टाकीत एक मगसुद्धा घालायचा नाही. टाकी वरच्या मजल्यावर लावा. दोन फुटी, सहा-सात मॉली, दोन स्पंज. मुलीला वही करून द्या, आणि पहिले सहा आठवडे पाण्याची तपासणी तिच्याकडून करून घ्या. तपासणीच्या किटमधले थेंब टाकून रंग बघायचा असतो, मुलांना ते आवडतं. अमोनिया चढतो, उतरतो, मग नायट्राइट चढतं, उतरतं. ते दोन्ही शून्यावर येईपर्यंत दोनच मासे ठेवा.

प्रश्न : मावशी, मी सहावीत आहे. आमच्या पाण्याच्या हौदात आरोग्य खात्याच्या काकांनी गप्पी मासे सोडले होते. त्यातले चार मी काचेच्या टाकीत ठेवले आणि त्यांना पिल्लं झाली! मोजली तर एकोणीस. बाबांनी स्पंज फिल्टर आणला आहे. पिल्लं दिवसभर त्या स्पंजालाच तोंड लावून बसतात. तो त्यांना ओढतो का? ती मरतील का?
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : नाही रे बाळा, ती जेवत आहेत! स्पंजाची ओढ इतकी हलकी असते की कालचं जन्मलेलं गप्पीचं पिल्लूसुद्धा त्यावरून पोहत निघून जातं. म्हणून तर मी पिल्लांच्या टाकीत दुसरा कुठलाच फिल्टर लावत नाही. काही दिवसांचा झाला की स्पंजावर एक बुळबुळीत थर येतो. त्यात जिवाणू असतात, त्यांना खाणारे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात आणि पाण्यातून आलेले खाण्याचे कण अडकलेले असतात. पिल्लं तेच टिपतात. तू दोन वेळा खायला घालतोस, स्पंज दिवसभर घालतो.

भिंग असेल तर संध्याकाळी टॉर्च लावून स्पंजाकडे बघ. पांढरे ठिपके सरकताना दिसतील.

पिल्लं मरतील तर ती मोठ्या माशांमुळे. गप्पीची आई स्वतःचीच पिल्लं खाते, त्यात तिचा राग नसतो, हलणारं बारीक काही दिसलं की ती टिपते. म्हणून मोठे चार मासे पुन्हा हौदात सोड, तिथं ते डासांच्या अळ्या खातील. त्यासाठीच तर काकांनी ते दिले होते. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक द्यायचा, पण टाचणीच्या डोक्याएवढाच, पाण्यात कालवून. जास्त दिलास तर तो कुजेल आणि स्पंजाला आवरणार नाही.

दर आठवड्याला बाबांना सांगून एक तांब्याभर पाणी काढ, आणि तेवढंच रात्रभर ठेवलेलं नवं पाणी हळूहळू घाल. स्पंज इतक्यात पिळू नकोस, निदान महिनाभर. पिळायची वेळ आली की टाकीचं पाणी तांब्यात घेऊन त्यातच पिळ आणि ओतण्याआधी नीट बघ, पिल्लं स्पंजाच्या खोबणीत लपून बसलेली असतात. माझ्या तांब्यात एकदा तीन निघाली होती.

आणि हो, एकोणीसची शंभर व्हायला चार महिने पुरतात. टाकी भरली म्हणून ती रंकाळ्यात किंवा नदीत सोडायची नाहीत. तिथले मासे वेगळे, त्यांचं खाणं आणि जागा आपल्या माशांनी घ्यायची नाही. वर्गातल्या मुलांना दे. प्रत्येकाला दोन पिल्लं, आणि तुझ्या स्पंजाच्या शेजारी महिनाभर ठेवलेला एक छोटा काळा तुकडाही दे.